सोन्याचे कलिल आणि झिंक ऑक्साइडची पूड: नॅनोकण बनवणे आणि मोजणे

ज्या पदार्थातील कणांचे, थरांचे किंवा छिद्रांचे निदान एका दिशेतील माप साधारण १ ते १०० नॅनोमीटरच्या दरम्यान असते, त्याला नॅनोसंरचित पदार्थ म्हणतात. व्याख्या सोपी आहे. अडचण अशी की हे माप डोळ्यांना तर दिसत नाहीच, पण प्रकाशावर चालणाऱ्या साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही, आणि ते मोजणारे प्रत्येक उपकरण थोडे वेगळे उत्तर देते. त्यामुळे नवशिक्याचा वेळ कण बनवण्यात फारसा जात नाही; आपण नेमके काय बनवले हे ठरवण्यात जातो. पहिल्या प्रयोगासाठी म्हणूनच असा पदार्थ निवडावा, जो आपली अवस्था काही प्रमाणात स्वतःच सांगतो. सोन्याचे कलिल, म्हणजे पाण्यात तरंगत राहणारे सोन्याचे अतिसूक्ष्म कण, तसे आहे: कण सुटे असले की द्रव लाल दिसतो, आणि ते एकमेकांना चिकटले की निळा पडतो.

या लाल द्रवाचा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे येतो, हे मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये मांडले. त्यांनी बनवलेल्या कलिलाच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवलेल्या आहेत. १९०८ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्ताव मी यांनी त्या रंगाचे गणित दिले. खाली दिलेली सायट्रेटची कृती मात्र जॉन टर्केविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये अभ्यासलेल्या पद्धतीवर बेतलेली आहे. मोठा पदार्थ दळून किंवा कोरून लहान करण्याचेही मार्ग आहेत, परंतु बॉल मिलमध्ये दळलेल्या पुडीत गोळ्यांचा आणि भांड्याचा झिजलेला अंश हमखास येतो, आणि कोरण्यासाठी लागणारी यंत्रणा महागडी असते. सुरुवात द्रावणातून अणू जुळवत वर जाण्याच्या मार्गानेच करावी.

काचसामान आणि पाणी

सोन्याच्या कलिलाच्या फसलेल्या खेपांपैकी बहुतेकांचे मूळ रसायनात नसून अस्वच्छ काचेत असते. मागच्या प्रयोगातील धातूचा एखादा कण काचेला चिकटून राहिला, तर नवे सोने त्याच्यावर जमा होऊ लागते आणि कणांच्या आकारात एकसारखेपणा राहत नाही. चंबू आणि संघनक आम्लराजाने धुवावेत: तीन भाग संहत हायड्रोक्लोरिक आम्लात एक भाग संहत नायट्रिक आम्ल सावकाश मिसळावे. हे काम फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वायू बाहेर खेचून घेणाऱ्या कपाटात, चष्मा, आम्लरोधक हातमोजे आणि ॲप्रन घालून करावे, कारण या मिश्रणातून क्लोरीन आणि नायट्रोसिल क्लोराइड हे विषारी वायू निघतात. आम्लराज लागेल तेवढेच ताजे बनवावे. ते झाकणबंद बाटलीत कधीही साठवू नये, आणि ॲसिटोनसारख्या सेंद्रिय द्रावकाने ओलसर असलेल्या भांड्यात तर ओतूच नये. त्यानंतर काच शुद्ध पाण्याने निदान पाच-सहा वेळा विसळावी.

ढवळण्याच्या चुंबकाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. त्याच्या टेफ्लॉनवरील ओरखड्यांत जुने सोने अडकून बसते. सुरुवातीच्या काळात माझ्या लागोपाठ तीन खेपा जांभळट झाल्या, आणि रसायने बदलून पाहण्यात दोन दिवस गेल्यावर दोष त्या चुंबकात निघाला. तेव्हापासून या कामासाठी एक नवा, गुळगुळीत चुंबक मी वेगळा ठेवतो.

पाणी १८.२ मेगाओहम-सेंटिमीटर रोधकतेचे असेल तर उत्तम. नळाच्या पाण्यातील कॅल्शियमसारखे आयन कणांवरील विद्युतभार झाकून टाकतात आणि कण चिकटू लागतात.

द्रावणे

क्लोरोऑरिक आम्लाचे ट्रायहायड्रेट हवेतील ओलावा शोषून बघता बघता पाझरू लागते, त्यामुळे त्याचे थोडे थोडे वजन करत बसणे चुकीचे ठरते. १ ग्रॅमची कुपी फोडल्यावर ती संपूर्णच १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवावी. रेणुभार ३९३.८३ असल्याने हे द्रावण २५.४ मिलिमोलर होते. ते गडद रंगाच्या बाटलीत, थंड जागी ठेवावे. या पदार्थाला धातूचा चमचा लावू नये. चमचाही गंजतो आणि सोनेही वेळेआधीच खाली बसते.

ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेटचे ११४ मिलिग्रॅम १० मिलिलिटर पाण्यात विरघळवले की ३८.८ मिलिमोलर द्रावण मिळते. हे द्रावण मात्र त्याच दिवशी बनवावे, कारण साठवलेल्या सायट्रेटमध्ये बुरशी धरते.

प्रत्यक्ष कृती

गोल बुडाच्या २५० मिलिलिटर चंबूत सोन्याचे साठ्याचे द्रावण ३.९४ मिलिलिटर घ्यावे आणि शुद्ध पाणी घालून एकूण आकारमान १०० मिलिलिटर करावे. आता सोन्याची संहती १ मिलिमोलर झाली. वर संघनक लावून, जोरात ढवळत, द्रावण खळखळून उकळू द्यावे. वाफ संघनकात नियमित परतू लागली की सायट्रेटचे सर्व १० मिलिलिटर द्रावण एकदम ओतावे. थेंब थेंब घालू नये. सायट्रेट एकदम पडल्याने सोन्याचे क्षपण, म्हणजे आयनांचे धातूत रूपांतर, सगळीकडे जवळपास एकाच वेळी सुरू होते, केंद्रके, म्हणजे कणांची पहिली बीजे, थोड्या अवधीत तयार होतात, आणि पुढचे सोने नवी केंद्रके न बनवता त्यांच्यावरच चढते. केंद्रके बनण्याचा काळ आणि ती वाढण्याचा काळ वेगळे पाडता आले तरच कण एकसारखे निघतात, ही कल्पना लामेर आणि डाइनगार यांनी १९५० मध्ये मांडली होती. सायट्रेटच्या या विशिष्ट अभिक्रियेत घडामोडी त्याहून गुंतागुंतीच्या असतात, तरी हाताशी धरायला ती उपयोगी पडते.

फिकट पिवळे द्रावण आधी रंगहीन होते, मग करडे-काळपट, मग जांभळे, आणि शेवटी गर्द मद्यलाल. हे बदल काही मिनिटांतच होतात आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला काळपट टप्प्यावर वाटते की प्रयोग बिघडला. तेथे ढवळणे किंवा उष्णता थांबवू नये. लाल रंग स्थिर झाल्यावर आणखी १० मिनिटे उकळावे, उष्णता काढून घ्यावी आणि १५ मिनिटे ढवळत राहावे. खोलीच्या तापमानाला आल्यावर ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून स्वच्छ गडद बाटलीत भरावे. बाटली थंड जागी ठेवावी, पण गोठू देऊ नये, कारण बर्फाचे स्फटिक वाढताना कण एकमेकांवर दाबले जातात आणि एकदा चिकटलेले कण पुन्हा सुटे होत नाहीत.

सायट्रेट येथे एकाच वेळी तीन कामे करते: सोन्याचे क्षपण करते, कणांच्या पृष्ठभागावर बसून त्यांना ऋण भार देते, आणि द्रावणाचा पीएच वर नेते. म्हणूनच त्याचे प्रमाण बदलले की केवळ अभिक्रियेचा वेग बदलून भागत नाही, सगळाच खेळ बदलतो. वरच्या कृतीत सोन्याच्या प्रत्येक मोलमागे सायट्रेटचे ३.८८ मोल आहेत आणि कण सुमारे १३ नॅनोमीटरचे येतात. सायट्रेट कमी केले की कण मोठे होतात. १९७३ मध्ये फ्रेन्स यांनी याच युक्तीने सुमारे १६ पासून जवळजवळ १५० नॅनोमीटरपर्यंतचे कण मिळवून दाखवले. पण मोठ्या टोकाला कण गोल राहत नाहीत आणि आकारांतील तफावत वाढते. ४० नॅनोमीटरच्या पुढचे कण हवे असतील, तर आधी बनवलेल्या लहान कणांवर सोने टप्प्याटप्प्याने चढवणे हा माझ्या मते अधिक भरवशाचा मार्ग आहे.

पहिली मोजणी: प्रकाशाचे शोषण

कलिल तयार झाले की सर्वप्रथम त्याचा वर्णपट घ्यावा. यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर बहुतेक प्रयोगशाळांत असतो, मोजणीला काही मिनिटे लागतात आणि नमुना वाया जात नाही. मात्र आधी थोडे गणित करावे, कारण या गणितातून पुढच्या सगळ्या मोजण्यांची अपेक्षा ठरते.

१३ नॅनोमीटर व्यासाच्या गोलाचे आकारमान सुमारे १,१५० घन नॅनोमीटर असते, आणि सोन्याच्या एका घन नॅनोमीटरमध्ये सुमारे ५९ अणू मावतात. म्हणजे एका कणात साधारण ६८,००० अणू. सायट्रेट मिसळल्यावर सोन्याची संहती ०.९१ मिलिमोलर राहिली होती. तिला या संख्येने भागले की कणांची संहती सुमारे १३ नॅनोमोलर येते. अशा कणांचा मोलर शोषणांक, लिटर प्रति मोल प्रति सेंटिमीटर या एककात, सुमारे २.७ × १०⁸ धरतात. त्यामुळे १ सेंटिमीटरच्या क्यूव्हेटमध्ये, म्हणजे नमुना ठेवायच्या पारदर्शक कुपीत, शोषण साडेतीनच्या आसपास येईल. इतक्या गडद नमुन्याचे वाचन बहुतेक उपकरणांत विश्वासार्ह नसते, म्हणून कलिल पाच पट विरळ करून मोजावे.

शिखर ५१८ ते ५२० नॅनोमीटरच्या आसपास, एकटे आणि अरुंद असावे. ६०० ते ७०० नॅनोमीटरच्या भागात रेघ शून्याजवळ जात नसेल किंवा तेथे खांदा दिसत असेल, तर काही कण चिकटलेले आहेत. ४०० नॅनोमीटरवरील वाचनाचा आणखी एक उपयोग आहे: तेथील शोषण कणांच्या आकारावर फारसे अवलंबून नसते, आणि ०.५ मिलिमोलर धातुरूप सोन्याला ते सुमारे १.२ येते. या हिशेबाने मूळ कलिलाचे शोषण तेथे २.२ च्या आसपास, म्हणजे पाच पट विरळ नमुन्यात ०.४४ यायला हवे. ते बरेच कमी आले, तर क्षपण अपुरे राहिले आहे किंवा काही सोने काचेवर बसले आहे.

शिखराच्या जागेवरून कणांचा आकार सांगण्याचा मोह होतो. १० ते २० नॅनोमीटरच्या टप्प्यात शिखर इतके थोडे सरकते की असा निष्कर्ष काढू नये.

येथेच एक छोटी चाचणी करून पाहावी. १ मिलिलिटर कलिलात १ मोलर सोडियम क्लोराइडचे १०० मायक्रोलिटर द्रावण घालावे. द्रव बघता बघता निळसर होतो. मिठाच्या आयनांमुळे कणांवरील ऋण भारांचे अपकर्षण जेमतेम १ नॅनोमीटर अंतरापर्यंत पोहोचते आणि कण चिकटतात. निळ्या नमुन्याचा वर्णपट घेऊन आधीच्या वर्णपटाशेजारी ठेवावा, म्हणजे पुढे एखादी खेप बिघडली की ती पाहताक्षणी ओळखता येते.

प्रकाशाचे विकिरण

दुसरे उपकरण म्हणजे डीएलएस (डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग). द्रवातील कण सतत थरथरत असतात, लहान कण वेगाने आणि मोठे सावकाश. त्यांच्यावरून विखुरलेल्या लेसरच्या चढउतारावरून विसरणाचा वेग आणि त्यावरून व्यास काढला जातो. हा व्यास धातूचा नसतो. सायट्रेटचा थर आणि कणाबरोबर फरफटत जाणारे पाणी त्यात धरलेले असते, म्हणून तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या मापापेक्षा काही नॅनोमीटरने मोठा येतो, आणि तसा तो येणे बरोबरच आहे.

या पद्धतीचा खरा धोका वेगळा आहे. विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता व्यासाच्या सहाव्या घातावर अवलंबून असते. १०० नॅनोमीटरचा एकच कण १० नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका प्रकाश विखुरतो. धुळीचे चार कण आले तरी आलेखात मोठे शिखर उभे राहते. नमुना गाळलेला असावा, क्यूव्हेट धूळविरहित असावे, आणि निदान तीन मोजण्या घ्याव्यात. तापमान स्थिर होईपर्यंत थांबावे, कारण पाण्याची विष्यंदिता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, २० अंशांना १.०० आणि २५ अंशांना ०.८९ मिलिपास्कल-सेकंद असते; नमुना २० अंशांवर असताना उपकरणाने २५ अंश गृहीत धरले, तर व्यास जवळजवळ १५ टक्के जास्त दिसतो. आणखी एक फसवे शिखर सोन्याच्या बाबतीत वारंवार भेटते: कण पूर्ण गोल नसतील, तर त्यांच्या फिरण्यामुळे १० नॅनोमीटरच्या खाली एक खोटे शिखर उमटते. त्याला पाहून ‘माझ्या नमुन्यात दोन आकारांचे कण आहेत’ असे लिहिलेले अहवाल मी अनेकदा वाचले आहेत.

याच उपकरणावर बहुधा झेटा विभव, म्हणजे कणावरील भाराची कल्पना देणारे विद्युत माप, हेही मोजता येते. ते उणे ३० मिलिव्होल्टच्या पलीकडे असेल तर कलिल टिकण्याची शक्यता चांगली, हा केवळ ठोकताळा आहे, नियम नव्हे.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक

पारेषण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात, म्हणजे टीईएममध्ये, कण प्रत्यक्ष दिसतात. २०० किलोव्होल्टला इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सुमारे ०.००२५ नॅनोमीटर असते, त्यामुळे अणूंच्या ओळीसुद्धा वेगळ्या पाहता येतात. सोन्यात त्यांपैकी सर्वांत ठळक ओळींतील अंतर ०.२३५ नॅनोमीटर असते. कार्बनचा पडदा असलेल्या तांब्याच्या जाळीवर विरळ कलिलाचा ५ मायक्रोलिटर थेंब ठेवावा, मिनिटभराने जास्तीचा द्रव गाळणकागदाच्या कडेने टिपून घ्यावा आणि जाळी वाळू द्यावी. थेंब तसाच वाळवला तर आक्रसत जाणारे पाणी कणांना कडेकडे ओढून त्यांचे ढीग करते. म्हणून जाळीवर दिसलेल्या ढिगावरून द्रवातही कण चिकटलेले होते असे म्हणता येत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर वर्णपटाकडेच मागावे.

छायाचित्रे जाळीच्या निदान चार-पाच वेगवेगळ्या जागांची घ्यावीत, आणि जागा निवडताना ‘सुंदर’ दिसणारी शोधू नये. ही सवय मोडायला सर्वांत कठीण असते. इमेजजेसारख्या मोफत प्रणालीत छायाचित्रावरील मोजपट्टी आधी अंशांकित करून २०० ते ३०० कणांचे व्यास मोजावेत, हिस्टोग्राम काढावा आणि सरासरीबरोबर प्रमाणित विचलन द्यावे. विचलन सरासरीच्या १० टक्क्यांच्या आसपास असेल तर सायट्रेटच्या पद्धतीसाठी ते समाधानकारक समजावे.

दुसरा प्रयोग: झिंक ऑक्साइड आणि क्ष-किरण

१०० मिलिलिटरच्या खेपेत सोने असते जेमतेम २० मिलिग्रॅम, त्यामुळे पुडीवर कराव्या लागणाऱ्या मोजण्या शिकायला झिंक ऑक्साइड सोयीचे. झिंक ॲसिटेट डायहायड्रेटचे ०.८२ ग्रॅम ४२ मिलिलिटर मिथेनॉलमध्ये ६० अंश सेल्सिअसला विरघळवावेत. ८५ टक्के शुद्धतेच्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे ०.४९ ग्रॅम २३ मिलिलिटर मिथेनॉलमध्ये वेगळे विरघळवून ते द्रावण १० ते १५ मिनिटांत थेंबाथेंबाने, ढवळत घालावे. त्याच तापमानाला सुमारे दोन तास ढवळत ठेवावे. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही असून ६४.७ अंशांना उकळते, म्हणून उघडी ज्योत न वापरता पाण्याच्या कुंडात, संघनक लावून आणि फ्यूम हूडमध्येच हे काम करावे. खाली बसलेला पांढरा साका मिथेनॉलने दोन-तीनदा धुऊन पोटॅशियम ॲसिटेट काढून टाकावे. पहिल्या दोन तासांत मधूनमधून थेंबभर द्रव विरळ करून वर्णपट घेतल्यास एक सुरेख गोष्ट दिसते: कण लहान असताना शोषणाची कड ३७० नॅनोमीटरच्या बरीच अलीकडे असते आणि कण वाढत जातात तशी ती ३७० च्या दिशेने सरकते. सोन्याचे शिखर आकाराबद्दल जे सांगत नव्हते, ते अर्धवाहकाची कड सांगते.

वाळलेल्या पुडीचे क्ष-किरण विवर्तन घेतल्यावर तांब्याच्या नळीतील ०.१५४०६ नॅनोमीटर तरंगलांबीला ३१.८, ३४.४ आणि ३६.३ अंशांवर तीन मुख्य शिखरे मिळतात. स्फटिक लहान असला की शिखरे रुंदावतात, आणि शेरर यांनी १९१८ मध्ये दिलेल्या सूत्रानुसार स्फटिकाचे माप ०.९ × तरंगलांबी ÷ (रुंदी × कोसाइन थीटा) इतके येते. येथे दोन चुका वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. रुंदी अंशांत न घालता रेडियनमध्ये घालावी लागते, आणि थीटा हा आलेखावरील कोनाचा अर्धा असतो. ५ नॅनोमीटरच्या स्फटिकासाठी ३६.३ अंशांवरील रुंदी सुमारे १.७ अंश येते. तिन्ही शिखरांचे पायथे एकमेकांत मिसळलेले दिसतील, आणि ती वेगळी करायला वक्र बसवावे लागतील. शिवाय उपकरणाची स्वतःची रुंदी लँथॅनम हेक्साबोराइडसारख्या प्रमाण पुडीवर मोजून वजा करावी. कण १०० नॅनोमीटरच्या जवळपास गेले की ही स्वतःची रुंदीच वरचढ ठरते आणि शेररच्या सूत्राला अर्थ उरत नाही.

या सूत्राने मिळते ते एकसंध स्फटिकखंडाचे माप, कणाचे नव्हे. सोन्याचे कण बहुधा जुळ्या स्फटिकांचे बनलेले असतात, त्यामुळे टीईएममध्ये १३ नॅनोमीटरचा दिसणारा कण क्ष-किरणांना त्याहून लहान भासतो. जालकातील ताणामुळेही शिखरे रुंदावतात. तो वेगळा काढायचा तर अनेक शिखरे घेऊन विल्यमसन-हॉल आलेख काढावा.

पुडीचा पृष्ठभाग मोजण्यासाठी ७७ केल्विनला नायट्रोजन किती चिकटतो ते पाहतात. ब्रुनाउअर, एमेट आणि टेलर यांची ही पद्धत १९३८ पासून वापरात आहे. झिंक ऑक्साइडची घनता ५.६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरल्यास ५ नॅनोमीटरच्या सुट्या गोलांचा पृष्ठभाग ग्रॅममागे सुमारे २१४ चौरस मीटर असायला हवा. प्रत्यक्षात आकडा याहून कमी येतो, कारण वाळताना कण एकमेकांना जोडले जातात आणि जोडाच्या जागी नायट्रोजनला शिरता येत नाही. हा फरकच पूड किती गुठळली आहे याचे माप म्हणून वापरावा.

कोरडी नॅनोपूड हाताळताना ती हवेत उडू देऊ नये. वजन बंदिस्त पेटीत किंवा फ्यूम हूडमध्ये करावे, बारीक कण रोखणारा मास्क लावावा, आणि सांडलेली पूड झाडू नये; ओल्या कागदाने पुसून घ्यावी. सोन्याचे आणि जस्ताचे टाकाऊ द्राव बेसिनमध्ये न ओतता वेगवेगळ्या बाटल्यांत साठवावेत.

बाटलीवर चिठ्ठी लावताना केवळ ‘१३ नॅनोमीटर’ एवढेच लिहू नये. टीईएमचा सरासरी व्यास, प्रमाणित विचलन आणि मोजलेल्या कणांची संख्या, डीएलएसचा व्यास आणि तापमान, शोषणशिखराची जागा, खेपेची तारीख आणि सायट्रेटचे प्रमाण हे सारे चिठ्ठीवर असावे. महिनाभराने त्याच बाटलीतून पुन्हा वर्णपट घेऊन नवी रेघ जुन्या रेघेवर ठेवून पाहावी, आणि ६५० नॅनोमीटरजवळ ती उचललेली दिसली तर ती बाटली पुढच्या मोजण्यांतून बाजूला काढावी.